आईच्या पाटीवरचा शब्द

आमच्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या उजव्या अंगाला, निळ्या पत्र्याची एक पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत आईचं नाव होतं आणि त्याखाली 'मिडवाइफ' एवढाच शब्द, तोही देवनागरीत. पाटी रंगवणाऱ्याने 'सुईण' लिहू का म्हणून विचारलं होतं. आई नको म्हणाली. सुईण म्हटलं की लोक जुनं लुगडं आणि पसाभर तांदूळ देऊन बोळवण करतात, आणि मी इस्पितळात शिकून, परीक्षा देऊन हे काम करते, असं तिचं म्हणणं. परळच्या त्या चाळीत इंग्रजी शब्दाला वजन होतं, हे खरं. पण ते वजन पाटीवर आठवडाभरही टिकलं नाही. जिन्याखाली कॅरम खेळणाऱ्या पोरांनी शब्दाचे दोन तुकडे केले. 'वाइफ' म्हणजे बायको हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि 'मिड' म्हणजे मधला हे त्यांच्यातल्या एका मॅट्रिक नापासाने सांगितलं. झालं. बाबा कामावर जायला निघाले की खालून आवाज यायचा, "काका, मधल्या बायकोने डबा दिला की नाय? पयली कुठाय आणि धाकटी कुठाय?" बाबा हसून निघून जात. आई हसत नसे.

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून ते घरी येत, आणि घरी आमच्या बोलण्यातल्या शोधत. त्यांच्याइतका शब्दांच्या मागे लागणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. माझा जन्म आकडे मांडण्यात गेला. आकड्यांची एक सोय असते, की बेरीज जुळली की माणूस उठू शकतो. शब्दांचं तसं नसतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. एका संध्याकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा आले, तेही चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद घेऊन. आई बोंबील तळत होती. शेजारच्या राणेकाकू, मूळच्या मालवणच्या, कोकम मागायला आल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे दारातच बसल्या होत्या. बाबांनी टोपी खुंटीला लावली आणि जाहीर केलं, "अगं, तुझा शब्द सापडला."

छापखान्याच्या मालकाच्या कपाटात एक भलाथोरला इंग्रजी कोश होता. जेवणाच्या सुट्टीत बाबांनी तो काढून घेतला होता. 'मिड' म्हणजे मधला, ही चूक आहे, असं त्यांनी सांगितलं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मिड' म्हणजे 'सह', 'सोबत'. जर्मन भाषेत अजूनही 'मिट' म्हणजे सोबतच. आणि 'वाइफ' म्हणजे तेव्हा बायको नव्हे, नुसती बाई, कुठलीही बाई. "मासे विकणारीला ते फिशवाइफ म्हणतात," बाबा म्हणाले. "ती काय माशाची बायको?"

"म्हंजे आमची कोळीण!" राणेकाकू म्हणाल्या. "तां बरां आसा. माशाची बायल!" त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"म्हणजे मिडवाइफ कोण? तर सोबत असणारी बाई." बाबांनी आईकडे पाहिलं. शाबासकी मिळावी अशी त्यांची अपेक्षा असावी. आईने बोंबील उलटला आणि म्हणाली, "हे खालच्या पोरांना सांगा. मला ठाऊक आहे मी काय करते ते."

बाबांनी खरोखरच पोरांना सांगितलं. त्याने चिडवणं थांबलं नाही; उलट आता पोरं "सोबतीण" म्हणू लागली, ते जास्तच वाईट. पण आईच्या वागण्यात मला एक बारीक फरक दिसला. कुणी पाटी वाचताना अडखळलं तर ती आता स्वतःहून सांगू लागली, "सोबत असणारी." मी पुढे नोकरीत असताना, ग्रंथालयात जाऊन, बाबांनी सांगितलेलं तपासलं. ते बरोबर होतं. 'सुईण' हा शब्दही सुईवरून नव्हे, 'सूति' म्हणजे प्रसूती त्यावरून आला, असं ते म्हणत. ते मात्र मी तपासलेलं नाही, म्हणून खात्री देत नाही.

आईची कामाची रीत त्या शब्दाला धरूनच होती, शब्द कळायच्या आधीपासून. बोलावणं आलं की ती पिशवी उचलायची. पिशवीत रबरी कापड, उकळलेला दोरा, कात्री, इनॅमलची ताटली आणि पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी. मग त्या घरी जाऊन ती बसायची. पहिल्या कळेपासून बसायची. दुसऱ्या मिडवाइफ एकदा तपासून जात, "वेळ आहे अजून" म्हणत, आणि वेळ आली की परत येत. आई तशी जात नसे. बाईच्या हातात एकदा हात दिला की वार पडून, ती ताटलीत पसरून, पुरी आहे ना हे बघून, बाळ अंगावर लागेपर्यंत ती उंबरा ओलांडत नसे. घरी आम्ही कुळथाची पिठी आणि भात खाऊन शाळेत जायचो. राणेकाकू आमच्या वेण्या घालायच्या. गिरणीच्या भोंग्यावर आमचं घड्याळ चालायचं. पहिल्या भोंग्याला बाबा उठून बंब पेटवायचे, दुसऱ्याला मला हाक मारायचे. आई कुणाच्या तरी घरी असायची. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी आजवर सांगत आले. माझ्यापुरतं ते खरं आहे. ताईच्या वतीने ते सांगायचा मला अधिकार नव्हता.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न गिरगावातल्या एका घरात झालं होतं. तिच्या सासऱ्यांची तिसरी पिढी मुंबईत कारकुनी करत होती, आणि सुनेची आई बाळंतपणं करते हे त्यांनी पोटात घातलं होतं, पण विसरले नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने ताई सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. आल्या दिवशीच तिने आईच्या पिशवीतली लाकडी नळी काढून स्वतःच्या पोटावर टेकवायचा खटाटोप केला. तिचा कान काही तिथवर पोचेना, आणि आम्ही तिघी हसून बेजार झालो. त्या दिवसांत आमचं घर सुखी होतं. आई तिला रोज संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आपल्या हाताने भरवायची. ताई म्हणायची, "माझ्या सगळ्या जावांना इस्पितळात जावं लागलं. परक्या बायका. मी मात्र माझ्या आईच्या हाती." हे ती गॅलरीत उभी राहून, चाळीला ऐकू जाईल असं म्हणायची. आई पोट चाचपून सांगायची, "डोकं खाली आहे. पंधरवडा आहे अजून."

बाहेर तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. लालबाग-परळमध्ये जन्मलेल्यांना ते दिवस समजावून सांगायला नकोत, आणि इतरांसाठी पुस्तकं आहेत. तारखा मी त्यांच्यावर सोडते. मला आठवतात ते आवाज. गल्लीच्या तोंडाशी "झालाच पाहिजे" अशी आरोळी उठायची आणि चाळीच्या गॅलऱ्यांतून बायका ताटं वाजवायच्या. अश्रुधुराने डोळे चुरचुरले की राणेकाकू कांदे फोडून वाटायच्या. कांदा नाकाला लावला की धूर लागत नाही, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. त्या दिवशी मात्र सकाळी एकही भोंगा वाजला नाही. गिरण्या बंद होत्या. भोंग्याची इतकी सवय होती की तो न वाजल्यामुळे सगळी चाळ दचकून जागी झाली.

आईला बोलावणं त्याच सकाळी आलं. नायगावच्या बीडीडी चाळीतून हौसाबाईंचा दीर आला होता. हौसाबाईंचा नवरा आणि दीर दोघेही गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आणि त्यांचं, पुढे बौद्ध झालेलं, कुटुंब आईला आधीपासून ओळखत होतं. आदल्या खेपेला हौसाबाईंचं मूल इस्पितळाच्या वाटेवरच गेलं होतं. आईने ताईचं पोट पुन्हा एकदा चाचपलं, तिच्या कपाळावर हात ठेवला, "दुपारपर्यंत येते" म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली. तासाभराने गोळीबार झाल्याची बातमी आली. मग संचारबंदी लागली. आणि भर दुपारी ताई मोरीत उभी असताना खाली बसली आणि मला म्हणाली, "माई, आईला बोलाव."

बाबा छापखान्यात अडकलेले. राणेकाकूंनी ताईला आत नेऊन निजवलं आणि मला म्हणाल्या, "जा गो बाय. भिंतीक चिकटून जा. धावा नको, धावलंस की ते मारतत." मी मॅट्रिकच्या वर्षाला होते. परळहून नायगाव लांब नाही, पण त्या दिवशी रस्त्यावर एकही माणूस नव्हता. फुटलेल्या बाटल्या होत्या, उलटलेला भाजीचा हातगाडा होता, आणि त्यातले टोमॅटो तुडवून रस्ता लाल झाला होता. ते टोमॅटोच आहेत हे स्वतःला सांगत मी चालले. वळणावर एका हवालदाराने काठी आडवी धरली.

"कुठं चाललीस?"

"आईला बोलवायला. ताईला कळा लागल्यात."

"आय काय डाक्टर हाय का?"

"मिडवाइफ."

त्याला कळलं नाही. काठी तशीच राहिली. "म्हणजे काय असतंय ते?"

"सुईण हो, सुईण!"

त्याने काठी उचलली. "मग तसं सांगावं की. पळ. न्हाई, पळू नको. माझ्या मागनं चल." तो मला नायगावच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला. पोलीस वस्ती तिथून जवळच होती. कदाचित त्याचंही घर तिकडेच असेल. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

हौसाबाईंच्या खोलीबाहेर बायका बसल्या होत्या. दार लोटलेलं होतं. मी हाक मारली तेव्हा आई दारात आली, दोन्ही हात कोपरापासून वर धरलेले, धुतलेल्या हातांवरून पाणी निथळत होतं. मी काय बोलले ते आठवत नाही. तिने काय विचारलं ते आठवतं. पाणी गेलं का? नाही. कळा किती वेळाने येतात? मी सांगितलं. कंबरेत की पोटात? मी सांगितलं. ती प्रत्येक उत्तरानंतर थांबत होती. एखाद्या परक्या घरून निरोप घेऊन आलेल्या मुलीला ती असेच प्रश्न विचारायची. आतून हौसाबाईंचा आवाज आला, "बाई, जाऊ नका." त्यांची सासू मध्येच पुढे झाली आणि माझ्यासमोर हात जोडले, "लेकी, तुझ्या आयला आत्ता नेऊ नगंस. पाय भायेर आल्यात गं."

मूल पायाळू होतं. डोक्याऐवजी पाय आधी आले होते. अशा वेळी हलवता येत नाही, आणि हलवायला गाडीही नव्हती.

आई मला म्हणाली, "मी आत्ता उठले तर ही जाईल. दोघंही जातील. ताईचं सोपं आहे. पहिलटकरीण आहे, तिला वेळ लागणार. डाव्या कुशीवर निजव. राणेकाकूंना सांग, पाणी उकळून ठेवा, आणि डोकं दिसल्याशिवाय जोर करायला लावू नका. तू तिच्या उशाशी बस. उठू नको." मग तिने ओल्या मनगटाने माझ्या गालाला नुसता स्पर्श केला आणि दार लोटलं.

परत आल्यावर ताईने पहिला प्रश्न विचारला, "कुठाय?" मी सगळं सांगितलं. ताई ऐकून घेत होती. कळ आली तशी तिने माझा हात धरला, ती ओसरली तेव्हा म्हणाली, "सोपं आहे म्हणाली?" त्यानंतर तिने आईचं नाव काढलं नाही. राणेकाकू तिच्या पायाशी बसून बोलत राहिल्या, "भिया नको गो. मी आसय. माझी चार झाली, खयचो डॉक्टर होतो?" त्या भेदरल्या होत्या, हे त्यांच्या हातातल्या बांगड्यांच्या आवाजावरून कळत होतं. उन्हं कलताना ताईला मुलगा झाला. रडला, लाल झाला, सगळं व्यवस्थित. आई दिवेलागणीला आली. तिच्या पातळावर वाळलेले डाग होते. हौसाबाईंना मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. आईने हात धुतले, वार तपासली, बाळाची नाळ पुन्हा नीट बांधली, ताईचं पोट दाबून पाहिलं. "सगळं चांगलं झालंय," ती म्हणाली. ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "झालंच ना सोपं," ती भिंतीला म्हणाली.

मी पुष्कळदा विचार केला आहे, की त्या दिवशी काही बिघडलं असतं तर काय झालं असतं. रडारड झाली असती, आरोप झाले असते, आणि आईला क्षमा मागायला काहीतरी कारण मिळालं असतं. पण कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. दोन बाया, दोन मुलं, चारही जीव शाबूत. आईचा हिशेब शेवटच्या आण्यापर्यंत बरोबर आला होता. ज्याचा हिशेब बरोबर येतो त्याला क्षमा मागता येत नाही, आणि ज्याच्यावर तो मांडला गेला त्याला ती देता येत नाही.

पाचवीच्या दिवशी ते फुटलं. सटवाईची पूजा मांडली होती, पाट्यावर वरवंटा ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आई ताईसाठी आळिवाची खीर घेऊन आली. ताई म्हणाली, "राणेकाकूंना दे. त्या बसल्या होत्या माझ्याजवळ."

"ताई," बाबा म्हणाले, "असं बोलू नये. तिचं कामच तसं आहे."

"काय आहे तिचं काम? सांगा ना बाबा. तुम्ही तर कोशात बघून आलात. सोबत असणारी बाई. मग मी कोण? मी बाई नव्हते त्या दिवशी?"

बाबा गोंधळले. आणि गोंधळले की ते शब्दांत शिरत. "तसं नाही गं," ते म्हणाले. "कोशात एवढंच आहे, सोबत असणारी. कुणाच्या सोबत, ते त्या शब्दात नाही." बिचाऱ्यांना आईची बाजू घ्यायची होती. त्यांच्या दृष्टीने ती चोख माहिती होती. बाळ चुरूचुरू आवाज करत होतं.

आई म्हणाली, "मला इंग्रजी नका सांगू." मग ताईकडे वळून, हातातली वाटी तशीच धरून, "तुझी आई म्हणून मी तिथून उठले असते, आणि ती गेली असती, तर ह्या हातांनी मी तुला न्हाऊ घातलं असतं का? तुला चाललं असतं?"

"मला ठाऊक नाही," ताई म्हणाली. "तू विचारलं नाहीस. तू दारातून माईला विचारलंस, पाणी गेलं का, कळा किती वेळाने. मी घाबरलेय का, हे विचारलंस?"

मी नायगावच्या त्या दारात होते. आईने ते खरोखर विचारलं नव्हतं. वाटी तिने राणेकाकूंच्या समोर ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात हौसाबाई आपल्या मुलीला घेऊन आईच्या पाया पडायला आल्या. ताई गॅलरीत ऊन घेत बसली होती. मला धास्ती वाटली. पण ताईने त्या पोरीला मांडीवर घेतलं, तिचं टोपडं सारखं केलं, तिचे पाय हातात धरून कौतुकाने पाहिले. ताईचा राग हौसाबाईंवर कधीच नव्हता. "छान आहे हो," ती म्हणाली. "माझी आई होती ना तुमच्याजवळ. मग छानच असणार." हौसाबाईंना ती स्तुती वाटली. त्यांनी ताईच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आई आत तांदूळ निवडत होती. तिचा हात तांदळात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

बारशाला ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "लेक इथे कळा देत होती आणि विहीणबाई तिकडे त्यांच्यात जाऊन बसल्या." 'त्यांच्यात' या शब्दावर त्यांनी जो भार दिला तो आम्हा सगळ्यांना कळला. हे वाक्य ताईचं नव्हे, तिच्या सासूबाईंचं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. लोकांनी पुढे दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या. उलट ताईने सासूला तिथल्या तिथे उत्तर दिलं, "त्यांच्यात म्हणजे काय? तिलाही कळाच येत होत्या." त्या क्षणी आईने ताईकडे इतक्या आशेने पाहिलं की मला बघवेना. पण ताईने तिच्याकडे पाहिलं नाही. सव्वा महिना झाला आणि ती सासरी गेली.

त्यानंतर ती येत नव्हती असं नाही. सणावाराला यायची, राखी पौर्णिमेचा नारळीभात आणायची, बाबांशी शब्दांवरून भांडायची. आईशीही बोलायची, पण भाजीचे भाव, पाणी आलं का, असलं. आई चाळीत आणि चाळीबाहेर पूर्वीसारखीच जात होती, बसत होती. लोक तिला मान देत होते. मी नोकरीला लागले तेव्हा तिच्या हातावर जन्मलेली मुलं शाळेत जाऊ लागली होती आणि रस्त्यात तिला ओळखत होती. घरी आल्यावर ती पाय धुऊन थोडा वेळ ताईच्या जुन्या जागी, खिडकीशी बसायची. 'चुकलं' असं ती कधी म्हणाली नाही. तिला तसं वाटतही नसावं. तिला वाईट वाटत होतं, आणि चुकलं नसताना वाटणाऱ्या वाईटाचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. मला आजही ठाऊक नाही.

ताईच्या दुसऱ्या बाळंतपणाची बातमी मेहुण्यांच्या निरोप्याकडून आली. गिरगावातल्या एका प्रसूतिगृहात नाव घातलं होतं. निरोप्या म्हणाला, "सकाळी मुलगी झाली. फक्त कळवायला सांगितलंय." आईने त्याला चहा पाजला. मग तिने आदल्या महिन्यापासून आणून ठेवलेला डिंक आणि खारीक खाली काढली, लाडू वळले, नवं पातळ नेसली, आणि आम्ही दोघी ट्रामने गिरगावला गेलो. पिशवी ती घरीच ठेवून आली होती. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. डबा ती मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसली.

प्रसूतिगृहाच्या माडीवर लांब बोळ होता. भिंतीला बाक, समोर खोल्या, प्रत्येक दाराला हिरवा पडदा. भेटीची वेळ चालू होती. ताईच्या सासूबाई जेवायला घरी गेल्या होत्या, म्हणजे खोलीत ती आणि बाळ दोघीच. एक तरुण नर्स बाहेर आली. तिने आईला पाहून विचारलं, "मावशी, तुम्ही त्यांच्या आई ना? चेहरा तोच आहे. जा की आत."

आई म्हणाली, "तिने विचारलं का माझं?"

"विचारते थांबा." नर्स आत गेली आणि लगेच बाहेर आली. "झोपल्यात त्या."

"मग झोपू दे," आई म्हणाली.

"अगं चल ना," मी म्हटलं. "नुसतं बघून येऊ. बाळाला तर बघू."

आईने मान हलवली. "बाळंतिणीच्या खोलीत न बोलावता जायचं नसतं, माई. एवढी वर्षं मी कुणाकडे तशी गेले नाही. आपण होऊन गेलं की बाईला वाटतं, हिला काहीतरी दिसलंय म्हणून आली. ती धास्तावते. तिने बोलावलं तर मी आहेच इथे." आणि ती बसून राहिली. पडद्याखालून पलंगाचे पाय आणि एक पाळणा दिसत होता. बाळ एकदा रडलं तेव्हा आई उठायला झाली, मग पुन्हा बसली. "आवाज चांगला आहे," एवढंच म्हणाली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. तिने डबा नर्सकडे दिला, दोन लाडू तू घे म्हणाली, चपला घातल्या आणि आम्ही निघालो. परतीच्या ट्राममध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. माझ्याशी ती फक्त रात्रीच्या भाजीबद्दल बोलली.

आई गेली त्यानंतरच्या दिवाळीत, ताई माझ्या घरी करंज्या करायला आली होती. कडा मुडपता मुडपता, मी काही न विचारता, ती म्हणाली, "मी झोपले नव्हते गं त्या दिवशी. नर्सने विचारलं, तुमची आई आलीय, पाठवू का? मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, तिला माझ्याकडे यायला विचारावं लागतं? अख्ख्या परळच्या घरांत ती शिरली, मग माझ्या दाराचा पडदा सारायला तिला काय अडचण? मी दाराकडे तोंड करून पडले होते. शेवटी बाकावरून उठल्याचा आवाज आला. चपला सरकवल्याचा आला. तिच्या चपलांचा आवाज मला कळायचा. मला वाटलं, येतेय." तिने करंजी ताटात ठेवली. "मग तो आवाज जिन्यावरून खाली गेला."